प्रत माहितीसाठी

तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलायला हवी, ही बातमी गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत मेलने आली. मेल लिहिणारा अ‍ॅडमिनचा, ज्याला लिहिला तोही अ‍ॅडमिनचा. दोघांच्या खुर्च्यांमध्ये एक कुंडी. सीसीमध्ये मात्र बासष्ट माणसं. त्यात हिशेब तपासणारे होते, कायदा विभाग होता, नागपूरचं गोदाम होतं, आणि गेल्या दिवाळीत नोकरी सोडून गेलेले एक गृहस्थही होते. त्यांच्याकडून ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’ असं उत्तर ताबडतोब आलं. त्या दिवसातलं तेवढं एकच उत्तर प्रामाणिक. कँडल जो बदलतो तो प्लंबर तेवढा यादीत नव्हता. त्याला मेल आयडी नाही. फोन केला की तो येतो.

सीसीकर तुमच्याही कचेरीत आहेत, तेव्हा ओळख करून देत बसत नाही.

सीसीची रांग लावणं सोपं नसतं. घरात लग्नपत्रिका छापून घेतलेल्या माणसालाच ते जमतं. उपाध्यक्ष महाव्यवस्थापकांच्या आधी हवेत, हे ठीक. पण महाव्यवस्थापक दोन असले तर काय? ज्येष्ठतेने लावले तर धाकटा रुसतो, अकारविल्हे लावले तर थोरला. आणि एखादं नाव राहिलंच, तर मोठे काका जसे मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसतात, तसे आमचे खरेदी विभागाचे प्रमुख बसले. कँडल ही खरेदीची बाब असून खरेदी विभागाला अंधारात ठेवण्यात आलं आहे, असा त्यांचा मेल आला. अर्थातच रिप्लाय ऑल. त्यांची समजूत काढणारा मेल गेला, त्यात त्यांचं नाव आणि त्यांच्या हाताखालच्या चौघांचंही. मग ‘नोटेड’. मग ‘नोटेड विथ थँक्स’. नागपूरच्या गोदामाने विचारलं, कँडल किती इंची? कुणीतरी वैतागून लिहिलं, ‘मला यातून वगळा’, तेही सगळ्यांना; त्यावर ‘मलाही’, ‘मलाही’ अशी रांग लागली. तेव्हा एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने सगळ्यांना मेल करून बजावलं, की सगळ्यांना मेल करू नका. त्यात स्पेलिंगची चूक होती म्हणून त्यांनी तो मागे घेतला. मागे घेत असल्याची सूचना सगळ्यांना गेली, आणि ज्यांनी तो मेल ढुंकून पाहिला नव्हता त्यांनीही आता चूक शोधायला उघडून वाचला. बीसीसीत एक माणूस लपवलेला होता, हेही याच गडबडीत कळलं. त्याने उत्साहाच्या भरात सगळ्यांना उत्तर दिलं. तो कुणी लपवला, का लपवला, एका कँडलमागे गुप्तहेर लागतो कशाला, यावर आता वेगळी मेलमालिका सुरू आहे. तीतही मी सीसीत आहे.

टाइपरायटरच्या काळात ही चैन परवडत नव्हती. कार्बन घालून एका ठोक्यात पाच-सहा प्रती निघायच्या. शेवटची इतकी पुसट, की ज्याच्या वाट्याला यायची त्याला कचेरीतली आपली पायरी न सांगता कळायची. एक अक्षर चुकलं तर प्रत्येक प्रतीवर खोडरबर. त्याहून जास्त प्रती हव्यात? स्टेन्सिल कापा, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवा, बारनिशीत नोंद करा, शिपायाला पिटाळा. बासष्ट माणसांना कँडलची खबर द्यायला कुणी सांगितलं असतं, तर टंकलेखिकेने त्याच मशीनवर राजीनामा टाइप केला असता, आणि तो एकाच प्रतीत. सरकारी कागदाखाली आजही प्रतींची यादी असते, नाही असं नाही. पण शासन निर्णयाच्या तळाशी निवडनस्ती आली की यादी संपते, कागद फायलीत जाऊन झोपतो. ई-मेलची रचना ठरवणारं एक मानक १९८२ साली निघालं. त्यात सीसी आहे, बीसीसी आहे, आणि त्या रकान्यात किती नावं कोंबावीत याला धरबंध नाही. लिहिणारे सज्जन असावेत. फुकट मिळालेल्या रकान्याचं माणूस काय करतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नसणार.

साहेबांना सीसी करणं हा प्रकार मात्र निराळा. ती धमकी असते. तुमच्याकडून एक तक्ता जायचा राहिलाय. शेजारच्या टेबलावरून उठून ‘काय रे, झालं का?’ असं विचारता येतं. सीसीकर उठत नाही. रात्री पावणेबाराला ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवतो आणि त्यात तुमचे साहेब, त्यांचे साहेब, दोघांनाही घालतो. जेंटल म्हणे! काम व्हावं म्हणून हा लिहीतच नाही. उद्या काम बिघडलं तर ‘मी कळवलं होतं’ म्हणायला कागद हवा, म्हणून लिहितो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदी कोर्टात पुरावा म्हणून चालतील अशी सोय केली; तेव्हापासून प्रत्येक कचेरी पुरावे गोळा करत सुटली आहे. गुन्हा काय, आरोपी कोण, ते सावकाश बघू. आणि या पुराव्यांच्या ढिगाऱ्यातून कामाचा एक मेल आम्ही उपसून काढायचा. नाही सापडला तर बेजबाबदार आम्ही. आमच्याकडच्या एका मुलीने वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली होती. सरळ, सभ्य, चार ओळींचा मेल, फक्त साहेबांना. तो चार दिवस न उघडता पडून राहिला. सीसीत कुणीच नव्हतं, म्हणजे महत्त्वाचा नसणार! कँडलवर बासष्ट डोकी आणि ऑपरेशनवर एकही नाही. लाज वाटायला हवी. मला त्या कँडलच्या मेलमालिकेत ‘नोटेड’ लिहिणाऱ्या प्रत्येकाचा कान धरावासा वाटतो.

यावर सल्ला देणारे भेटतात, ते आणखी वेगळे. मेल दिवसातून दोनदाच बघा. दिवस संपताना इनबॉक्स रिकामा करा. फोल्डर करा. ‘नंतर वाचू’ नावाच्या फोल्डरात गेलेला मेल कुणी नंतर वाचल्याचं अजून ऐकिवात नाही. मी सीसीतले मेल परस्पर बाजूला जातील असा नियम लावला. तासाभरात सीसीकराचा फोन: ‘मेल टाकलाय, बघितला का?’ नाही म्हटलं तर त्याच मेलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली हात जोडल्याचं चित्र. अरे, फोन करणारच होतास, तर फोनच करायचा होता ना!

फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, कामाची वेळ संपल्यावर मेलपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे असं काही झालं तर त्याचं परिपत्रक रात्री पावणेबाराला येईल, सगळ्यांना सीसी करून.

एवढं मोठं मी मागत नाही. सीसीत पाच नावं, कार्बनला झेपत होती तेवढी. सहावं नाव हवं असेल तर पाठवणाऱ्याने जिना चढून त्या माणसापर्यंत जावं आणि काय ते तोंडाने सांगावं. लिफ्ट वापरायची नाही.

वाचकहो, या लेखाबद्दल काही कळवायचं असेल तर मला एकट्याला लिहा. संपादकांना सीसीत घातलंत, तर मी उत्तर देणार नाही.