सांगड, उचल आणि भूमध्य समुद्र

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर आठवडाभरासाठी आलिशान ‘पॉवर कॅटमरान’ भाड्याने घेणे हा विषय लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांच्या संदर्भात आजवर उपेक्षित राहिला आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे, हे त्या उपेक्षेचे सांगितले जाणारे कारण पुरेसे नाही. कारण ज्या प्रदेशात धरण असूनही पाणी नसते, तेथे पाणी नसूनही बोट असण्यास तात्त्विक हरकत घेता येत नाही. उसाच्या, कंत्राटांच्या, शिकवणी वर्गांच्या आणि प्लॉटिंगच्या उत्पन्नावर गेल्या काही दशकांत येथे जो सधन वर्ग उभा राहिला, त्याचे दुबई-सिंगापूर-स्वित्झर्लंड करून झाले आहे आणि फार्महाऊसवरील तरणतलावाचे कौतुकही आता ओसरले आहे. तेव्हा त्याचे पुढचे पाऊल नौकेच्या डेकवरच पडणार, असे गृहीत धरून हे विवेचन केले आहे.

प्रथम व्युत्पत्ती. ‘कॅटमरान’मधील ‘कॅट’चा मांजराशी काही संबंध नाही आणि म्हणून मांजरा नदीशीही नाही, ही निराशा लातूरकरांनी आरंभीच पचवलेली बरी. हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’ म्हणजे ‘बांधलेले लाकूड’ यावरून इंग्रजीत गेला. दोन अरुंद होडकी समांतर ठेवून त्यांच्यावर एकच रुंद मजला बांधला की कॅटमरान होते आणि शीड-डोलकाठीला रजा देऊन दोन्ही होडक्यांत एकेक इंजिन बसवले की ‘पॉवर कॅटमरान’. ती रुंद असल्यामुळे कमी डुलते, पाण्यात थोडीच बुडत असल्यामुळे उथळ खाडीत शिरू शकते आणि तिच्यावर दिवाणखाना, चार-पाच शयनकक्ष व गच्ची सहज मावते. मराठीत याच कल्पनेला ‘सांगड’ म्हणतात. दोन ओंडके, दोन होड्या किंवा दोन सुके भोपळे एकत्र बांधून नदी उतरण्याचे ते जुने साधन होय आणि ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. ‘दोन दगडांवर पाय’ म्हणून ज्या राजकीय कौशल्याची मराठवाड्यात चेष्टा होते, त्याला नौकाशास्त्रात ‘स्थैर्य’ म्हणतात, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे.

हा संबंध केवळ शाब्दिक नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नौकांना ‘संगर’ असे नाव दिले आहे आणि त्याच मार्गदर्शिकेत दख्खनच्या दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो: पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, लातूरहून तासा-सव्वा तासाच्या अंतरावरचे गाव. तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात नेली जाई आणि उलट दिशेने त्या बंदरात इटलीची मद्ये उतरत. या व्यापारात रोमचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे तेथील पितळी नाणी, हिंदुस्थानच्या घशात जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने करून ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती थकबाकी मराठवाड्यातील सधन वर्ग आता चार्टरच्या रूपाने व्याजासह परत करू पाहत असेल, तर त्यास उधळपट्टी न म्हणता ऐतिहासिक न्याय म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

‘चार्टर’ म्हणजे ठरावीक मुदतीसाठी अख्खी नौका भाड्याने घेणे. त्याचे मुख्य प्रकार दोन. ‘बेअरबोट’ या प्रकारात केवळ नौका मिळते आणि ती हाकण्याचे प्रमाणपत्र भाडेकरूपाशी असावे लागते. परवाना एजंटामार्फत घरपोच मिळतो, हा आपल्याकडचा अनुभव तेथे उपयोगी पडत नाही. दुसऱ्या प्रकारात नौकेबरोबर कप्तान, स्वयंपाकी आणि खलाशी येतात आणि मोठ्या नौकांच्या बाबतीत हाच प्रकार रूढ आहे. मात्र वाऱ्या-वादळाच्या संदर्भात कप्तानाचा शब्द अखेरचा मानला जातो. ज्या चेअरमनसाहेबांना गेल्या वीस वर्षांत कोणत्याही ड्रायव्हरने ‘आज गाडी निघणार नाही’ असे सांगितलेले नाही, त्यांना हे कलम समुद्र लागण्यापेक्षाही अधिक त्रासदायक होण्याचा संभव आहे. आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार मोजतात, ही बाब मात्र अनुकूल आहे. कारण समुद्र ओलांडण्याचा अनुभव असलेले, येथल्या प्रत्येक वेशीवर उभे असलेले दैवत मारुती आणि शनिवार हा त्याचाच वार.

करारनाम्याच्या बाबतीत मराठवाड्यातील भाडेकरूस परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मोठ्या नौकांसाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या दलालांच्या एका संघटनेचा नमुना-करार सर्रास वापरला जातो आणि तिचे लघुनाव ‘मायबा’ असे आहे. त्यास एक ‘प’ जोडला की येथील प्रत्येक अर्जाचा मायना तयार होतो. करारात भाडे ठरते ते केवळ नौका आणि तिच्यावरील नोकरवर्ग यांचे. डिझेल, किराणा आणि बंदरातील रात्रीचे मुक्कामशुल्क यांसाठी भाड्याच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम कप्तानाकडे आगाऊ सोपवावी लागते. त्या त्या देशाचा कर निराळा आणि शेवटी बक्षिशीही निराळी. या आगाऊ रकमेला इंग्रजीत लांबलचक नाव असले, तरी तिला ‘उचल’ हा शब्द चपखल बसतो. फरक एवढाच, की कप्तान या उचलीचा हिशेब आठवडा संपताच पावत्यांसह देतो आणि उरलेली रक्कम परत करतो. उलट ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब एका हंगामात फिटला तर ते नवल मानले जाते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थछटांचा तौलनिक अभ्यास व्हावयास हवा. आणि पहिल्या उचलीतले पैसे काही प्रमाणात दुसऱ्या उचलीतूनच आलेले असतात काय, हा त्याचा एक प्रकरणविषय होऊ शकेल.

आता वेग. समुद्रावर वेग ‘नॉट’मध्ये मोजतात आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पॉवर कॅटमरान आठ-दहा नॉटने निवांत चालली तर डिझेल बेताने जाते. वेग दुप्पट केला की खर्च दुपटीवर थांबत नाही. या दहा नॉटचे लातूरकरांना विस्मरण होणे शक्य नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वेगाडी निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाट चालून ती १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली आणि तिने गाठलेला सरासरी वेग साधारण दहा नॉटच भरतो. तिच्या दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. मांजर ही वाघाची मावशी असते. मावशी आटली तेव्हा भाच्या धावून आल्या. कॅटमरानच्या कुळाशी लातूरचे नाते जोडायचेच असेल, तर ते या वाघिणींच्या द्वारे जोडावे. जलप्रवासाचा हा बहुधा एकमेव प्रकार असावा, ज्यात प्रवास पाण्याने केला आणि काठावर माणसे थांबली.

सर्वांत उद्बोधक भाग नौकेवरील पिण्याच्या पाण्याचा आहे. भोवती अथांग पाणी आणि त्यातला एकही घोट पिण्याजोगा नाही, ही स्थिती टाळण्यासाठी अशा नौकांवर ‘वॉटरमेकर’ नावाचे यंत्र असते. ते प्रचंड दाबाने खारे पाणी सूक्ष्म पटलातून ढकलून ताशी शंभर-दोनशे लिटर गोडे पाणी तयार करते. लातूर-नांदेडच्या गल्लोगल्ली वीस लिटरचे जार भरून देणाऱ्या ‘आरओ’ केंद्रांचे तत्त्वही तेच. तरीही पहिल्या दिवशी पाहुण्यांना एकत्र बसवून समजावले जाते, की साबण लावताना नळ बंद ठेवावा, अंघोळ थोडक्यात उरकावी आणि टाकीची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवावे. या शिक्षणासाठी युरो मोजावे लागतात. २०१६ च्या मार्चमध्ये, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लागू झालेल्या लातुरात, अंगणात ओळीने मांडलेल्या, नाव रंगवलेल्या निळ्या ड्रमांपुढे टँकरच्या खेपेची वाट पाहणारी, अर्ध्या बादलीत मुलाला न्हाऊ घालून तेच पाणी तुळशीला आणि मोरीला पुरवणारी बाई या विषयात पदव्युत्तर पातळीवर होती. भूमध्य समुद्रावरील कोणत्याही कप्तानाला तिच्याइतकी लायक पाहुणी मिळणार नाही. परंतु चार्टरला जाणार ती नव्हे. जाणार तो, ज्याच्या बंगल्यातील हजार फुटी बोअरला त्या उन्हाळ्यातही थोडे पाणी होते.

या प्रदेशास नौकाविद्या अगदीच अपरिचित आहे, असेही म्हणता येत नाही. जायकवाडीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामुळे मागे साचलेल्या पाण्यावर, मासे धरणारे लोक थर्माकोलच्या तराफ्यास ‘चप्पू’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिव धानोऱ्याची मुले अशाच तराफ्यावरून शाळेत जात होती आणि वृत्तपत्रातील बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातील हसनाळ व शेजारच्या गावांत ऑगस्ट २०२५ मध्ये रात्रीतून पाणी शिरले, माणसे दगावली आणि बचाव पथकांच्या बोटी व लष्कराचे जवान तेथे पोचले. या बोटींसाठी कोणी आगाऊ नोंदणी केलेली नव्हती, त्यांना शयनकक्ष नव्हते आणि त्या शनिवारची वाट पाहत थांबल्या नव्हत्या.

एवढ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढावयाचा झाल्यास तो असा, की मराठवाड्यात नौकेची दोन्ही होडकी स्वतंत्रपणे तयार आहेत: एका होडक्यात पैसा बसला आहे, दुसऱ्यात पाण्याची वाट पाहणारी माणसे बसली आहेत आणि दोन्ही बांधणारा दोर तेवढा कोणाला सापडत नाही. सांगडीचा नियम साधा आहे, की दोन ओंडके बांधलेले असतील तरच वर बसलेला कोरडा राहतो. दोर नसताना त्यांतला एक ओंडका नेपल्सपर्यंत तरंगत गेला, तर त्यास कॅटमरान म्हणता येणार नाही.

भूमध्य समुद्रावर जाणाऱ्यांनी अवश्य जावे. ते नेपल्सच्या उपसागरात नांगर टाकतील, तेव्हा त्यांना कप्तान व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी दाखवील आणि इसवी सन ७९ मध्ये त्याच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली मिळालेली हिंदुस्थानी हस्तिदंती स्त्रीमूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात पाहण्याचा आग्रह कोणीतरी करील. तिच्याशी साम्य असलेली एक हस्तिदंती मूर्ती तेर येथे सापडली असून, त्या गावच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. वाचकांनी येत्या रविवारी तेथे जाऊन यावे. व्हिसा लागत नाही, उचल द्यावी लागत नाही. पाण्याची बाटली मात्र बरोबर न्यावी.