बेबाकराव

मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या परदेशी शिक्षणाला राहतं घर तारण ठेवून कर्ज उचलायचं आणि पन्नाशी उलटली की ते एका फटक्यात फेडायला निघायचं, अशा गृहस्थांना आपण बेबाकराव म्हणू. हप्ता कापल्याचा मेसेज आला की त्यांच्या छातीत धडधडतं. म्हातारपण मेसेज पाठवत नाही, म्हणून त्याची धास्ती नाही. मग नियमात बसेल तेवढा पीएफ निघतो, बँकेत पेढे वाटले जातात आणि खरेदीखत नवजात अर्भकासारखं कुशीत घेऊन बेबाकराव घरी येतात. आता, भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यानं याच पैशाला कवच दिलंय: कोर्टाचा हुकूम आणला तरी सावकाराला त्यावर जप्ती आणता येत नाही. जे कुणालाच ओरबाडता येत नव्हतं, ते बेबाकराव स्वतः रिक्षा करून पोचवून येतात.

त्यांचा हिशेब मात्र चुकीचा नाही, हे कबूल करायला हवं. कर्ज दहा टक्क्यांचं, पीएफला २०२४-२५चं व्याज ८.२५ टक्के, पावणेदोन टक्के उघड वाचतात. पण हे वाचणं खरं ठरतं, सुटलेला हप्ता दरमहा पुन्हा साठत गेला तरच. दहा लाखांची बाकी आठ वर्षांत फेडायची तर हप्ता पंधरा हजारांच्या थोडा वर जातो. तो ऐच्छिक पीएफकडे वळवायला कचेरीत एक अर्ज पुरतो. बेबाकराव तेवढा अर्ज सोडून सगळं करतात. पहिला सुटलेला हप्ता पेढ्यांत जातो, दुसरा सोफ्यात, तिसऱ्यापासून नव्या गाडीचा हप्ता सुरू. तिकडे तेच दहा लाख पीएफमध्ये राहिले असते, तर याच दरानं आठ वर्षांत सुमारे १८ लाख ८५ हजार झाले असते. ‘निवृत्तीनंतर डोक्यावर कर्ज नको,’ हे त्यांचं म्हणणं रास्तच. त्यासाठी बोनस आहे, पगारवाढ आहे. बदलत्या व्याजदराचं बिगरधंद्याचं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं मनाईही केली आहे. पण थोडंथोडं फेडण्यात पेढे कधी वाटायचे?

साठी ओलांडलेल्यांना राहतं घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेता येतात. याला रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात. त्यासाठी घरावर बोजा नसलेला बरा. बेबाकरावांचं खरेदीखत देवघरातच आहे.