डेलिली आणावयास निघणाऱ्यांसाठी सूचना

न्यू जर्सीत किंवा शेजारच्या पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या, टाउनहाउसच्या पुढ्यात मातीचा एक चिंचोळा पट्टा बाळगून असलेल्या आणि भारतातून आलेले आई-बाबा जुलैत घरी असलेल्या सर्व कुटुंबांना या सूचना लागू आहेत. नायगारा झालेला असतो, मंदिर झालेलं असतं, आउटलेट मॉल दोनदा झालेला असतो. अशा शनिवारी घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘तासाभरावर डेलिलीचं शेत आहे, फुकट बघता येतं.’ यातलं शेत आणि तासभर हे खरं असतं.

निघण्यापूर्वी वाफा टेपने मोजावा. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर सोडावं लागतं, म्हणजे 10 फुटांत पाच, फार तर सहा रोपं. हा आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजला चिकटवावा आणि तिथेच राहू द्यावा. शेतात तो जवळ असलेला बरा नव्हे.

सकाळी लवकर पोचावं. डेलिलीचं फूल एक दिवसाचं असतं. पहाटे उमलतं, संध्याकाळी संपतं. गडद लाल आणि जांभळी तर दुपारच्या उन्हात आधीच मान टाकतात. शेतवाल्यांच्या घरची माणसं सकाळीच ओळीओळीने फिरून कालची फुलं खुडून बादल्या भरत असतात. त्यांची बोटं जांभळट झालेली दिसतील. इथे बाबा विचारणारच, ‘एका दिवसाच्या फुलाला पंधरा डॉलर?’ उत्तर पाठ करून ठेवावं: एका दांड्यावर वीस-पंचवीस कळ्या असतात, त्या पाळीपाळीने उमलतात, त्यामुळे झाड तीन-चार आठवडे फुललेलं राहतं. बाबांचं समाधान होणार नाही, पण भागाकार करण्यात ते गुंततील. आईंना काहीच समजवावं लागत नाही. देवाला रोज ताजं फूल लागतं, एवढ्यावर त्यांचा प्रश्न सुटलेला असतो.

शेतात बोलताना पथ्यं पाळावीत. रस्त्याकडेला खड्ड्यांतून माजलेली केशरी डेलिली आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे; ‘ही तर फुकट उगवते’ हे वाक्य, मराठीतूनसुद्धा, उच्चारू नये. सूर कळतो. ‘स्टेला दे ओरो’ या ठेंगण्या पिवळीला नाक मुरडू नये. 1975 साली नोंदलेली ही जात आज प्रत्येक बँकेच्या पार्किंगमध्ये दिसते हे खरं, पण 1985 साली तिला डेलिलीच्या जगातलं सर्वोच्च असं स्टाउट पदक मिळालेलं आहे, आणि पार्किंगमध्ये उभं राहून फुलायला काय लागतं ते गाडीवाल्यांना ठाऊकच आहे. नावांपुढे शरण जावं. नोंदलेल्या जातीच 90 हजारांहून अधिक, तेव्हा चांगली नावं केव्हाच संपलेली आहेत. ‘प्रायमल स्क्रीम’ हे एका केशरी फुलाचं नाव आहे आणि पदक त्यालाही मिळालेलं आहे.

आता आजोबा. अशा प्रत्येक शेतावर एक आजोबा असतात, आणि ते विकत नसतात, संकर करत असतात. एका फुलाचा पुंकेसर चिमट्यात धरून दुसऱ्याच्या कुक्षीला लावायचा, देठाला खुणेचा दोरा बांधायचा, काळंभोर बी धरलं की पेरायचं आणि पहिल्या फुलासाठी दोन-तीन वर्षं थांबायचं. शेकडो रोपांतलं एखादं ठेवायचं, बाकीची कंपोस्टात. त्यांच्यापाशी थांबून गंभीर चेहऱ्याने फक्त एवढंच विचारावं, ‘हे टेट्राप्लॉइड आहे का?’ डिप्लॉइडशी त्याचा सहसा संकर होत नाही, एवढं माहीत असलं तरी पुरे. पुढचा तासभर तुम्ही त्यांच्या गोल्फकार्टमध्ये असाल आणि जे फूल तुम्हाला आवडेल त्याची किंमत शंभर डॉलरच्या पुढे असेल, कारण ते यंदाच बाजारात आलेलं असतं. ही रक्कम रुपयांत करू नये. बाबा ती करतीलच.

घासाघीस नाही. टेबलावर पत्र्याची पेटी घेऊन बसलेल्या सूनबाई हसतात आणि त्याच आकड्यावर राहतात. मात्र पाच-सहा रोपं घेतली की एखादं आपणहून वर घालतात. आई विजयी मुद्रेने तुमच्याकडे बघतील. हा क्षण सर्वांत महाग पडतो. यानंतर आणखी तीन घेतली जातात.

मग आजोबांचा नातू दातेरी फावडं घेऊन येतो, गड्डा उपटतो, माती झटकून पाइपखाली धुतो, पानं वीतभर ठेवून कापतो आणि उरलेल्या पानावरच काळ्या मार्करने जातीचं नाव लिहितो. हातात येते ती कांद्याच्या पातीची जुडी. शंभर डॉलर दिलेल्या जुडीलाही हेच रूप असतं, याची बाबांना आधी कल्पना द्यावी. ती दोन-चार दिवस तशीच तग धरते, त्यामुळे वाटेत एडिसनला डोसा खायला थांबण्यास हरकत नाही. पानावरचं नाव मात्र पान वाळलं की जातं. घरी पोचताच पाटी करावी.

घरात मांजर असेल तर यातलं काहीही आणू नये. डेलिलीने मांजरांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे गमतीने लिहिलेलं नाही.

लावताना गड्डा इंचाहून खोल पुरू नये, सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघावी आणि हरणं कळ्या चाखायला येतात हे गृहीत धरावं. सहा रोपं लावून झाली की उरलेली चार हातात राहतील. सोसायटीच्या नियमांत सामायिक हिरवळ खणायला परवानगी नसते. कोपऱ्यावरच्या घराला मात्र तिन्ही बाजूंनी स्वतःची जागा असते आणि तिथे राहणाऱ्या गृहस्थांना बागकामाचा कंटाळा असतो. त्यांच्याकडे आईंच्या हातच्या चकल्या घेऊन जून महिन्यातच एकदा जाऊन यावं.