गिलाव्याचा जामीन

तहसील कचेरीत उभी हयात परक्यांच्या जामीनपत्रांची छाननी करण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या इसमाने स्वतःच्या घरी मात्र एका निष्कांचन जामीनदारावर विसंबून मोटारखान्याच्या दारावर लाकडी मांडव चढवावा, यास दैवगतीवाचून दुसरे नाव मला सुचत नाही. आमच्या कुटुंबास ते सुचते, परंतु ते छापण्याजोगे नाही.

करमाळ्याच्या वैशाखात पत्र्याचे शटर तव्यासारखे तापते, सबब त्यावर मधुमालतीची सावली असावी, असे फर्मान तिनेच काढले होते. मोटारीची ये-जा अडू नये म्हणून मांडवाने जमिनीवर पाय न टेकता दाराच्या माथ्यावरून दोन हात पुढे अधांतरी यावे, ही अक्कल माझी. आमचे सुतारमामा तेव्हाच म्हणाले होते, "अण्णा, खिळं नुसत्या गिलाव्यात बसत्यात. ओझं कुनाच्या जिवावर ऱ्हायचं?" त्यांच्या या तकरारीवर मी सवयीने 'तूर्त चालवून घ्यावे' असा शेरा मारला.

पुढल्या वैशाखात, मधुमालती मांडवभर पसरून आमच्या घराचे कौतुक गल्लीत सुरू झाले असताना, वळीव आला. भिजलेला पाला जड झाला, वाऱ्याने त्याचे शीड केले, आणि भाकरीएवढ्या गिलाव्याच्या ढलप्यांसह तो मांडव शटरपुढे साष्टांग पडला. पट्ट्या वाकल्यामुळे शटर उघडेना आणि मोटार तीन दिवस विनाचौकशी अटकेत राहिली.

त्या तीन दिवसांत मामांनी जे समजावले ते मला कचेरीच्या भाषेतच उमगले. भिंतीबाहेर झुकलेले ओझे तिरक्या टेकूचे खालचे टोक भिंतीत दाबते आणि वरचे बंधन भिंतीतून उपसू पाहते. म्हणजे खालच्याने नुसते रेटून बसावे आणि सारी ओढाताण वर सही करणाऱ्याच्या वाट्याला यावी, हा जामिनकीचा शुद्ध न्याय होय. टेकूची उभी उंची दुप्पट केली की तेवढ्याच ओझ्याची वरची ओढ निम्म्यावर येते. आणि मी तर दिसायला नाजूक म्हणून टेकू वीतभरच ठेवले होते! गिलावा हा अंगावर झुळझुळीत सदरा असलेला, पण नावावर सातबारा नसलेला जामीनदार. खरी मालमत्ता त्यामागच्या काँक्रीटच्या लिंटेलची.

मामांनी मग लिंटेलमधल्या सळया आणि शटरचा रूळ चुकवून आरपार बोल्ट घातले, आतून लोखंडी पट्टी दिली, टेकू हातभर उंच केले, आणि एवढे करूनही समाधान न झाल्याने दाराच्या दोन्ही बाजूंस सागवानी खांब मागितले. मोटारीला अडचण होईल, असे मी चाचरत म्हणताच त्यांनी रावरंभा निंबाळकरांच्या कमलाभवानी मंदिराकडे हात केला. "आईच्या देवळाला 96 खांब सांगत्यात. येक तरी लोंबकाळतोय का?" देवीचा दाखला आल्यावर अपील उरले नाही. खांब लागले, वाळवी लागू नये म्हणून दगडी उथळ्यांवर बसले, आणि मोटार आत घेताना आता मला दोन्ही आरसे मिटावे लागतात.

मांडव आज तीन वळीव सोसून उभा आहे. मधुमालती मात्र शेजाऱ्यांच्या शेवग्यावर गेली आहे.