तीनचाकीच्या किरकोळ खोडी : लांब पल्ल्याच्या प्रवाशांसाठी एक शास्त्रोक्त मार्गदर्शन

ज्या वाहनाला पुढे एक चाक, मागे दोन चाके आणि चालकाच्या हाती मोटारीच्या गोल चक्राऐवजी मोटारसायकलीसारखे हँडल असते, ते वाहन अमेरिकेत निवृत्तीनंतरच्या भ्रमंतीसाठी, तर जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे मिरचीच्या गोण्या, राजूरच्या गणपतीला निघालेली कुटुंबे आणि प्रसंगी दोन्ही एकदम वाहून नेण्यासाठी वापरले जाते. पहिल्या वर्गात हार्ले-डेव्हिडसनची २००९ च्या मालिकेतील ट्राय ग्लाइड अल्ट्रा क्लासिक मोडते आणि दुसऱ्या वर्गात वाळूजच्या कारखान्यातून निघणारी बजाजची रिक्षा किंवा बारामतीची आपे मोडते. दोन्ही वर्गांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी भूमिती एकच असल्यामुळे दोहोंच्या मालकांची कुरकुरही बरीचशी एकच असते, आणि म्हणून प्रस्तुत विवेचन दोघांनाही लागू समजावे. मात्र उदाहरणे पिंपळगावचीच घेतली आहेत, कारण अभ्यासासाठी तेथील रस्ते अधिक समृद्ध आहेत.

प्रथम व्याख्या. बिघाड आणि खोड यांत भेद करणे आवश्यक आहे. बिघाड वाहन थांबवतो, मालकाला मिस्तरीकडे नेतो, खर्च करवतो आणि संपतो. खोड वाहन थांबवत नाही, पण मालकाला स्वस्थही बसू देत नाही. ती मिस्तरीला दाखवली असता तो हात पुसत "हे कंपनीकडूनच असं येतं" असे उत्तर देतो, आणि हे उत्तर हेच खोडीचे निश्चित लक्षण होय. ज्या तक्रारीवर मिस्तरी पाना उचलतो ती या ग्रंथाच्या कक्षेबाहेरची आहे.

खोडींचा उगम वाहनाच्या जन्माइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ याने जानेवारी १८८६ मध्ये ज्या पेट्रोल गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला ती तीनचाकी होती, आणि ती तशी असण्याचे कारण एवढेच की, पुढची दोन चाके नीट वळवण्याची समाधानकारक रीत त्याला तोवर सापडलेली नव्हती. म्हणजे पुढचे एकटे चाक हे मूळचे सिद्धान्ताचे नव्हे, तडजोडीचे अपत्य आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था हिने दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्ट्‌सहाइम असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास त्या गाडीच्या सुधारित आवृत्तीने केला. तेव्हा तिने तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले आणि चढावर मुलांना गाडी ढकलायला लावली, असे परंपरा सांगते. या शास्त्राची आद्य आचार्या म्हणून तिलाच वंदन करणे उचित ठरते. चढावर उतरून ढकलण्याची तिची पद्धत भोकरदन तालुक्यात आजही अबाधित आहे.

आता मुख्य सिद्धान्त : खोडीवर उपाय केला असता ती नाहीशी होत नाही, केवळ जागा बदलते. हा सिद्धान्त ज्याला पटला नाही त्याने पुढच्या मडगार्डापासून प्रारंभ करावा. या भागातील काळी माती पावसात चाकाला लपेटून बसते, आणि रिक्षाची रिम अवघी ८ इंचांची असल्याने चाक व मडगार्ड यांच्यातील अल्प पोकळी लवकर भरून चाक जाम होते. शेतरस्त्यावर दर शंभर पावलांना उतरून काठीने चिखल खरवडणे ज्याला असह्य होते, तो एके दिवशी मडगार्डच काढून टाकतो. त्यानंतर चाक मोकळे फिरते आणि पूर्वी मडगार्डात राहणारा सर्व चिखल समोरच्या काचेवर व चालकाच्या गुडघ्यांवर येऊन बसतो. काच पुसण्यासाठी वायपर चालवावा, तर चिखल सारवल्यासारखा पसरतो. तज्ज्ञांचे मत असे की, मडगार्ड पुन्हा बसवावे आणि काठी चालकाच्या आसनामागे कायमची ठेवावी. वाहनाबरोबर न मिळालेले परंतु अत्यावश्यक असे ते उपकरण आहे.

यापेक्षा गहन प्रश्न तिसऱ्या वाटेचा आहे. मोटारसायकल जमिनीवर एक रेघ ओढते, जीप दोन ओढते, तीनचाकी मात्र तीन. म्हणजे एकाच खड्ड्यात पडण्याच्या तिला तीन स्वतंत्र संधी मिळतात. जीपचा चालक खड्डा दोन चाकांच्या मधोमध घेऊन सुटतो, पण तीनचाकीत नेमके तेथेच पुढचे चाक असते. कच्च्या रस्त्यावर बैलगाड्या व ट्रॅक्टर यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवत आणि दगड यांचा जो उंचवटा उरतो, त्यावरून पुढचे चाक न्यावे तर हँडल हातात नाचते, आणि ते एका चाकोरीत उतरवावे तर मागचे एक चाक उंचवट्यावर व दुसरे बांधाकडे जाऊन सर्व प्रवासी एकमेकांच्या अंगावर सरकतात. याचे गणित सोपे आहे : मागच्या चाकांतील अंतराचा निम्मा भाग हीच पुढच्या आणि कोणत्याही एका मागच्या चाकामधली मोकळी जागा असल्यामुळे हातभर रुंदीपर्यंतचा खड्डा त्या जागेतून जाऊ देता येतो. त्याहून रुंद खड्डा आल्यास चालकाने कोणते चाक घालायचे याचा निर्णय आधीच घ्यावा आणि त्या बाजूला बसलेल्या प्रवाशाशी संभाषण थांबवावे.

आरशाची खोड ही या सर्वांत तात्त्विक म्हणावी लागेल. एका सिलिंडरच्या चार धावांच्या इंजिनात, म्हणजे ज्यात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना इंधन एकदाच पेटते अशा इंजिनात, मिनिटाला १२०० फेऱ्या होत असताना सेकंदाला दहा ठोके बसतात आणि ते आरशाच्या दांडीपर्यंत इमानाने पोहोचतात. आरशाची स्वतःची कंपनगती आणि हे ठोके जुळले की कंप अनेक पटींनी वाढतो. या जुळणीस अनुनाद म्हणतात. परिणामी गाडी उभी असताना, जेव्हा मागचे पाहण्याची गरज नसते तेव्हाही, आरशात एका ट्रकचे चार ट्रक दिसतात आणि एखाद्या विशिष्ट वेगाला चित्र एकाएकी निवळते. तो वेग प्रत्येक वाहनाचा वेगळा असतो व मालकाने तो शोधून ठेवावा. मागे पाहायचे झाल्यास आधी त्या वेगाला यावे, मग पाहावे. काही मालक आरशाच्या दांडीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालतात. त्याने कंप थांबतो खरा, परंतु दांडी हळूहळू कलत जाऊन आरसा रस्त्याऐवजी चालकाचे कोपर दाखवू लागतो आणि ते अत्यंत स्पष्ट दिसते.

पावसाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण दोन्ही बाजूंनी उघडे असलेले वाहन पावसाळ्यात काय करते हे सर्वांस ठाऊक आहे. मेणकापडाचे पडदे लावल्यास आतले प्रवासी कोरडे राहतात, पण चालकाला बाजूचे दिसत नाही व पडद्याच्या फडफडीत मागून येणारा हॉर्न ऐकू येत नाही. काचेवर तंबाखूची चिमूट चोळल्यास पाणी थेंबाथेंबाने न साचता सरकून जाते, हा जुना चालकमान्य प्रयोग येथेही उपयोगी पडतो; तंबाखू प्रथम काचेला लावावी आणि उरलेली मग स्वतःसाठी ठेवावी, असा क्रम सांगितला आहे, तो बहुधा उलट पाळला जातो.

भार कोठे ठेवावा याविषयी मात्र थट्टा आवरती घेणे बरे. तीन चाकांवर उभ्या वाहनाचा आधार त्रिकोणी असतो आणि त्याचे टोक पुढे असते. म्हणून वळणात ब्रेक दाबला की वजन पुढे व बाहेरच्या अंगाला सरकून त्या त्रिकोणाची तिरपी बाजू ओलांडू पाहते आणि आतल्या बाजूचे मागचे चाक उचलते. अजिंठ्याचा घाट उतरणाऱ्याने वेग वळणापूर्वीच कमी करावा, वळणात नव्हे. याउलट मिरचीच्या गोण्या मागच्या आसाच्याही मागे रचल्या तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल वळवले तरी गाडी काही काळ विचार करते. त्यावर पुढे, चालकाच्या दोन्ही बाजूंना, एकेक वजनदार गृहस्थ बसवण्याचा लोकमान्य उपाय भौतिकशास्त्राला संमत पण मोटार वाहन कायद्याला असंमत आहे, आणि त्यामुळे चालकाचे कोपर हँडलऐवजी शेजाऱ्याच्या बरगड्यांत फिरते, ही त्या उपायाची नवी खोड होय.

रात्रीच्या प्रवासात एकुलता एक दिवा समोरच्याला मोटारसायकलीचा वाटतो व तो त्या मानानेच जागा सोडतो. दोन्ही कडांना परावर्तक पट्ट्या चिकटवाव्यात. जादा दिवे जोडण्याचा मोह टाळावा, कारण त्यांनी बॅटरी उतरते आणि सकाळी वाहनाला पुन्हा बेर्थापद्धती लागू करावी लागते. समृद्धी महामार्गावर तीनचाकीला प्रवेशच नसल्यामुळे जालन्याजवळून जाणाऱ्या त्या गुळगुळीत रस्त्याचा अनुभव तिला घेता येत नाही, ही गोष्ट काहींना अन्यायाची वाटते. तथापि तेथे खड्डे नसल्याने वरील विवेचनापैकी बरेचसे निरुपयोगी ठरले असते.

शेवटी हस्तांतरणाविषयी. दीर्घ सहवासानंतर मालकाचे शरीर खोडींशी इतके जुळलेले असते की, त्याला त्या जाणवत नाहीत आणि विकताना तो "गाडी एकदम ठणठणीत" असे म्हणतो ते प्रामाणिकपणेच म्हणतो. खरेदीदाराने अशा वेळी वाहनाचे कागद पाहण्याआधी आसनामागे हात घालून काठी आहे का ते पाहावे. विक्रेत्याने आरसा कोणत्या वेगाला निवळतो तो आकडा चावीसोबत तोंडी द्यावा आणि व्यवहार शक्यतो मिरगाच्या आधी उरकून घ्यावा.