तिसऱ्या मजल्यावरून, सप्रेम

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मा. व्यवस्थापक समितीस, आणि विशेषतः तळमजल्यावरच्या सभासद बंधुभगिनींस,



लिफ्टचा ठराव नामंजूर केल्याबद्दल आपलं मनःपूर्वक अभिनंदन. निकाल कळवायला कुणाला आमच्या दारापर्यंत यावं लागलं नाही. सभा गच्चीवर होती आणि तुमची गच्ची म्हणजे आमचं छत. खुर्च्या ओढल्याचे आवाज, कोरमअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, मग चहा, मग टाळ्या, सगळं खाली ऐकू आलं. जिना चढवत नाही म्हणून लिफ्ट मागणाऱ्यांनी मतदानासाठी आणखी वीस पायऱ्या चढून यावं, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना शाल-श्रीफळ द्यायला हवं. ह्यांना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. त्यांना एकटं टाकून मला येता आलं नाही. इतिवृत्तात आमच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहिलंय. होतो आम्ही, पंख्याखाली.

२०२४च्या लोकसभेला निवडणूक आयोगाने पंच्याऐंशीच्या पुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय केली होती. आमच्याकडेही आले होते. ५४ पायऱ्या चढून, धापा टाकत, आडोसा मांडून ह्यांचं मत घेतलं, पाणी पिऊन गेले. दिल्लीत कोण बसावं हे ह्यांनी खाटेवरून ठरवलं. आपल्या जिन्याशेजारी काय बसावं, हे मात्र खाटेवरून ठरवता येत नाही.

तुमच्या मुद्द्यांना मी मान देते. ‘आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही, मग पैसे का द्यायचे?’ रास्त आहे. म्हणून मी आदर्श उपविधी काढून वाचले. पाण्याचा आकार घरातल्या नळांवर, पण लिफ्टची देखभाल सगळ्या सभासदांनी सारखी भरायची, वापरा नाहीतर नका वापरू. उपविधी लिहिणाऱ्याला तळमजल्यावरचा माणूस चांगलाच ठाऊक असावा. तुम्हीही त्याला पुरून उरलात. लिफ्टच नाही, तर देखभाल कसली?

दुसरा मुद्दा, लिफ्टचा मनोरा दोन स्कूटरच्या जागेवर येतो. यावर मी काय बोलणार? स्कूटरला पाय नसतात, तिचा विचार आधी झालाच पाहिजे.

तिसरा, ‘रीडेव्हलपमेंट येतंच आहे, कशाला उगाच खर्च?’ ते पंधरा वर्षं येतंय. बावीस मजले, तीन लिफ्ट, वर कॉर्पस. पहिल्या बिल्डरचं माहितीपत्रक मी जपून ठेवलंय. त्यात लॉबीतल्या सोफ्यावर एक म्हातारं जोडपं हसत बसलंय. ह्यांना ते अधूनमधून दाखवते.

कुणीतरी प्रेमाने सुचवलं, ‘खोली विका, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये जा.’ दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनी दाराशी धापा टाकत पहिला प्रश्न विचारला, लिफ्ट नाही? आणि तिथेच भाव पाडला. ह्यांचं पेन्शन ईपीएस-९५चं. त्याची किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. ह्यांना थोडं जास्त मिळतं, तेवढीच आमची श्रीमंती. ज्येष्ठांसाठीच्या संकुलांच्या जाहिराती मी आवडीने वाचते. तिथे म्हणे न्हाणीघरात धरायला दांडा असतो. दांडा हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो, फक्त त्याच्यासोबत फ्लॅट घ्यावा लागत नाही.

रॅम्पबद्दल मात्र तुमचे आभार मानायलाच हवेत. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, असं सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात. आपलं जोतं दोन फुटांचं, म्हणजे चोवीस फूट. आपण सहा फुटांत भागवलं. मुलं त्यावरून मजेत घसरतात. सूचनांचं काय घेऊन बसलात! नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा सुगम्यतेविषयीचा नियमच रद्द ठरवला, कारण त्यातले निकष बंधनकारक नव्हते, नुसत्या शिफारशी होत्या. त्यामागचा कायदा २०१६चा. शिफारस म्हणजे काय, हे दिल्लीला समजायला एवढी वर्षं लागली. आपल्या समितीला ते पहिल्या दिवसापासून समजत होतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची सहयोगी सभासद

ता.क. येत्या गुरुवारी सकाळी दहाला ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायला चार मुलं सांगून ठेवली आहेत. त्यातला एक, ठरावाविरुद्ध सर्वात लांब भाषण ज्यांनी केलं त्यांचाच मुलगा. गुणी आहे, मागची बाजू तोच धरतो. तेवढी रॅम्पवर लावलेली स्कूटर काढून ठेवावी. आणि दुसऱ्या वळणावरच्या तुळशीच्या कुंड्याही; खुर्ची तिथे वळत नाही.