काळी गाडी आणि फिरती चकती

उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, बारीक चऱ्यांचं जे गोल जाळं दिसतं त्याला डिटेलिंगवाले ‘स्वर्ल’ म्हणतात. ते गोल असतं ही नजरेची फसवणूक आहे. चरे मुळात सगळ्या दिशांनी वेडेवाकडे पडलेले असतात. त्यांतले प्रकाशाच्या रेषेला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि दिव्याभोवती वर्तुळं उमटल्याचा भास होतो. डोकं चार इंच डावीकडे नेलं की वर्तुळंही डावीकडे सरकतात. त्यामुळे ‘हा चरा कुणी पाडला?’ असं बोट ठेवून वॉचमनला विचारता येत नाही. बोट टेकेपर्यंत चरा दुसरीकडे गेलेला असतो.

पाडतो मात्र बहुतेक वेळा पुसणाराच. सोसायटीत सकाळी एक बादली, एक फडकं आणि ओळीने लावलेल्या गाड्या असा कार्यक्रम असतो. पहिल्या गाडीची धूळ दुसरीला, दुसरीची तिसरीला, अशी समान वाटणी होत जाते. या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक असतात. कोरड्या फडक्याने हौसेने पुसणारे मालक आणि डिकीत झाडणी बाळगणारे सासरे हेही या कामात मागे नसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर चरे तेवढेच पडतात, पण दिसत नाहीत, म्हणून त्यांचे मालक सुखी असतात. हे चरे घालवणाऱ्या यंत्राची, म्हणजे पॉलिशरची, चौकशी करणारा गृहस्थ बहुधा काळ्या गाडीचा धनी असतो.

यंत्र निवडण्याआधी ते कशावर चालणार हे पाहावं लागतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात: गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी झळाळी उभ्या चिरलेल्या केसाएवढ्या जाडीवर चालते. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात साध्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसे. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग येई आणि मालक ‘बघा, किती मळ निघाला!’ म्हणून समाधानाने चहा सांगत. आजच्या गाडीवर फडकं रंगलं तर चहा सांगण्याचं कारण नसतं. क्लिअर कोट संपला असण्याची शक्यता असते.

पॉलिशने चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूची जमीन खरवडून त्याच्या तळापर्यंत आणली जाते, आणि चरा राहायला जागाच उरत नाही. धुण्या-पुसण्याचे चरे उथळ असतात, त्यामुळे एखाद-दोन मायक्रॉनमध्ये काम भागतं. नख फिरवल्यावर ज्यात नख अडकतं, तो चरा या मार्गाने घालवायला जाऊ नये. तो घालवता येतो, पण त्याच्याबरोबर क्लिअर कोटही जातो. ऊन सोसण्याची या थराची ताकद त्याच्या जाडीवर अवलंबून असते. फार पातळ झालेला थर काही उन्हाळ्यांनी छपरावर पापुद्रे सोडू लागतो, आणि मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याशिवाय कुणी वाली उरत नाही. म्हणून पॉलिशर निवडताना ‘हे किती जोरात घासतं?’ या प्रश्नाला दुय्यम स्थान आहे. ‘चालवणारा चुकला तर हे किती सांभाळून घेतं?’ हा खरा प्रश्न. घरी पहिल्यांदाच यंत्र हाती घेणारा माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच पुढचं वाचावं.

आधी जी यंत्रं पॉलिशर नाहीत त्यांना वाटेला लावणं आवश्यक आहे. घरात पडलेल्या अँगल ग्राइंडरला पॉलिशचं पॅड बसतं, हे त्याचं दुर्दैव आणि गाडीचंही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो; पॉलिशला त्याच्या पाव वेगाचीही गरज नसते. तो टाइल कापायला जन्मला आहे आणि रंगालाही तो टाइलच समजतो. ड्रिल मशीनला लावायचं पॅड त्या मानाने सौम्य, पण दांड्यावर लटपटत असल्यामुळे कधी एका कडेवर, कधी दुसऱ्या कडेवर घासतं. तिसरं एक दोन मुठींचं, पोळपाटाएवढ्या तोंडाचं स्वस्त यंत्र मिळतं. ते मेण पसरवायला ठीक असतं. स्वर्लवर ते तासभर फिरवलं तरी स्वर्ल जागचे हलत नाहीत, फक्त चमकदार होतात.

आता खरे पॉलिशर. गॅरेजमध्ये ‘रबिंग’ करणाऱ्याच्या हातात असतं ते रोटरी. त्याची चकती एकाच आसाभोवती फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे. मोटरची सगळी ताकद थेट रंगावर उतरते, त्यामुळे खोल चरे झपाट्याने निघतात आणि सरावलेल्या हातात त्याच्यासारखं यंत्र नाही. अडचण ‘सरावलेल्या’ या शब्दात आहे. चकती एकाच जागी रेंगाळली की तिथला रंग तापतो. बॉनेटच्या घडीवर किंवा दाराच्या कडेवर, जिथे क्लिअर कोट मुळातच पातळ बसतो, तिथे दोन-चार सेकंदांच्या दुर्लक्षात खालचा प्रायमर दर्शन देतो. प्लास्टिकच्या बंपरमध्ये उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, म्हणून तो आणखी लवकर बिघडतो. हे सगळं टळलं तरी हॉलोग्राम उरतात: उन्हात गाडी वळली की बॉनेटवरून सरकत जाणाऱ्या, धुरकट, पट्ट्यापट्ट्यांच्या छटा. स्वर्ल घालवायला गेलेली गाडी हॉलोग्राम घेऊन परत येते आणि बिलावर मात्र ‘मिरर फिनिश’ असं लिहिलेलं असतं. गॅरेजच्या शेडमध्ये ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत, हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

यावरचा उतारा म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, बोलीभाषेत डीए. देवळाला लोटांगण घालत प्रदक्षिणा करणारा भाविक स्वतःभोवतीही गडगडतो आणि गाभाऱ्याभोवतीही फिरतो. डीएच्या चकतीचं तसंच आहे. मोटर तिला मधल्या दांड्याभोवती घुमवते, आणि चकती एका मोकळ्या बेअरिंगवर बसवलेली असल्यामुळे त्या ओघात स्वतःभोवतीही गिरक्या घेते. पॅडवरचा कुठलाही कण एकच वाट पुन्हा पुन्हा तुडवत नाही, म्हणून उष्णता कमी, हॉलोग्राम जवळजवळ नाहीत. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जोर जास्त झाला की ही चकती संपावर जाते. घुमणं चालू राहतं, गिरक्या थांबतात, आणि घासण्याची धार निम्म्याहून खाली येते. उतावळ्या माणसाच्या हातून रंग वाचतो तो याच्यामुळे.

गिरक्या थांबल्या हे सहज कळत नाही, कारण यंत्राची घरघर तशीच चालू असते. त्यासाठी मार्करने चकतीच्या मागच्या प्लेटवर कडेपर्यंत एक जाड रेघ ओढतात. चालत्या यंत्रात रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. ती जागच्या जागी थरथरत राहिली तर फक्त वीजबिल वाढत आहे.

इथे वॉटचा विषय काढावाच लागतो. दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न वॉटचा विचारतं. ही सवय मिक्सर घेताना लागलेली असते आणि तिथे ती योग्यही आहे. साध्या डीएमध्ये मात्र गिरकीचा लगाम मोटरच्या हातात नसून त्या मोकळ्या बेअरिंगच्या हातात असतो. ९०० वॉटचा डीएसुद्धा वाकड्या जागी दाबला की थबकतो. वॉटपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे भार पडला तरी ठरवलेला वेग टिकवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, आणि त्याहून मोलाची म्हणजे हातातला थरथराट. अडीच किलोचं यंत्र चार-पाच तास धरायचं असतं. दुकानातच ते चालवून पाहावं. बोहरी आळीतला किंवा नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, पण संध्याकाळी चहाचा कप हातात स्थिर राहणार की नाही ते तिथेच कळतं.

खरी निवड ‘थ्रो’ची. दांड्याभोवतीचं घुमणं किती मोठ्या वर्तुळात होतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं: ८, १२, १५, २१. अमेरिकेत पोर्टर-केबलच्या ८ मिमीच्या साध्या यंत्राने हौशी लोकांची एक पिढी तयार केली; पुढे इटलीच्या रुपेसने १५ आणि २१ मिमीची ‘बिगफूट’ यंत्रं आणली आणि मोठ्या थ्रोची लाट आली. मोठा थ्रो म्हणजे एका फेरीत जास्त जागा आणि तुकतुकीत काम, पण जमीन सपाट हवी. सेडानचं लांब बॉनेट, एसयूव्हीचं छप्पर, तिथे २१ मिमी राजासारखा चालतो. आपल्याकडच्या हॅचबॅकवर सपाट जागा शोधावी लागते: दारावर दोन घड्या, बंपरला गालफडं, मागे टेकाड. अशा ठिकाणी मोठा थ्रो घडोघडी थबकतो. छोट्या गाडीसाठी १२, फार तर १५ मिमी आणि १२५ मिमीची प्लेट हे माप सोयीचं. पैसे उरले तर खांब आणि आरशांसाठी ७५ मिमीचं छोटं यंत्र. मोठ्या यंत्रालाच लहान प्लेट बसवण्याची काटकसर सुचते, पण आतलं वजन मूळ प्लेटच्या मापाने तोललेलं असतं. तोल गेला की यंत्र हातात नाचू लागतं.

गिअर लावून गिरकी सक्तीची केलेले डीएही असतात. जर्मनीच्या फ्लेक्सचं ८ मिमीचं यंत्र त्यात नावाजलेलं. ते दाबलं तरी थांबत नाही, कडक रंगावर पटकन काम उरकतं, आणि म्हणूनच नवख्याला सांभाळून घेण्याचा गुण त्याच्यात कमी. दुसरं यंत्र म्हणून ते उत्तम.

अमेरिकेतल्या भाच्याकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद खर्च करणं भाग आहे. तिथली वायरवाली यंत्रं १२० व्होल्टची, इथला सॉकेट २३० व्होल्टचा. पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर लावला की पिन बदलते, व्होल्ट बदलत नाहीत. यंत्र काही क्षण अभूतपूर्व वेगाने फिरतं, मग वास येतो. दणकट ट्रान्सफॉर्मर घेतला तर चालतं, पण तो यंत्रापेक्षा जड असतो आणि स्वस्तात पडल्याचा आनंद त्यासोबत जिना चढ-उतार करतो.

यंत्रावर सगळे पैसे उधळले तर पॅड आणि पेस्टला काही उरत नाही, आणि प्रत्यक्ष घासतात ते हे दोघेच. लोकरीचं आणि मायक्रोफायबरचं पॅड जास्त कापतं, फोम मवाळ; फोममध्येही कडक ते लुसलुशीत अशा पायऱ्या असतात. त्या रंगांवरून ओळखाव्यात तर दर कंपनीचं राज्य वेगळं. एकीचं पिवळं पॅड कापणारं, तर दुसरीचं पिवळं शेवटचा हात फिरवायचं. गाडीचा रंगही सरसकट सारखा नसतो. मर्सिडीजने २००३ मध्ये नॅनो-कण मिसळलेला जास्त कडक क्लिअर कोट आणला. उलट काही जपानी गाड्यांचा रंग इतका मऊ की पुसलेल्या फडक्याचाही वळ उठावा. म्हणून आधी दोन वीतभर जागेवर सर्वांत मवाळ जोडी वापरून पाहायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि टॉर्च मारायची. पुसणं चुकवू नये. पेस्टमधलं तेल चऱ्यांत बसून त्यांना तात्पुरतं लपवतं, आणि पुढच्या धुण्याला ते सगळे माहेरून परततात. चरे उरले तरच जास्त कापणारं पॅड.

कामाच्या दिवशी गाडी धुतलेली, सावलीत आणि थंड हवी. तापल्या पत्र्यावर पेस्ट वाळून बसते. घड्या आणि काळं प्लास्टिक मास्किंग टेपने झाकलेलं बरं. पेस्टचे चार थेंब, पॅड रंगाला टेकवायचं आणि मगच बटण. हा क्रम उलटला की बनियनपासून शेजारच्या गाडीच्या काचेपर्यंत सगळीकडे शिंतोडे उडतात. दीड-दोन फुटांचा चौकोन, सेकंदाला इंचभर इतक्या संथ चालीने उभे आणि आडवे हात. बघ्यांना हा वेग सोसत नाही. तिसऱ्या मजल्यावरून सोडलेलं एक्स्टेन्शन दिसताच ते जमतात आणि प्रत्येक जण ‘जरा दाबून मारा’ असं सांगून जातो.

दर एक-दोन भागांनंतर पॅड ब्रशने झाडावं, आणि एका गाडीला एकाच जातीची निदान तीन-चार पॅडं हाताशी असावीत. भिजून गच्च झालेलं पॅड कापत नाही, फक्त तापतं. काम संपल्यावर पॅड यंत्रावरून काढून, धुऊन, सावलीत वाळवावं. लावून तसंच ठेवलं तर यंत्राच्या वजनाने ते चेपून बसतं. जमिनीवर पडलेलं पॅड धुतल्याशिवाय गाडीला लावू नये, कारण त्यात अडकलेला वाळूचा एक कण सकाळच्या फडक्याचं महिन्याचं काम मिनिटात करतो. शेजारी यंत्र मागायला आला तर यंत्र द्यावं, पॅड त्याला त्याचं विकत घ्यायला सांगावं.